टेड लिंडसे यांची बदली

खेळाडूला कामगार म्हणावे काय, असे विचारले की चळवळीतल्या पुष्कळ कार्यकर्त्यांना हसू येते. टाळ्या आणि पदके ज्याच्या वाट्याला येतात, त्याच्या शोषणाची चिंता खात्यात राबणाऱ्याने का वाहावी, असा त्यांचा सवाल असतो. बर्फावरील हॉकीतील एक अग्रगण्य खेळाडू टेड लिंडसे यांची कारकीर्द अशांनी अवश्य अभ्यासावी.

१९२५ साली कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात जन्मलेले लिंडसे १९४४ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइटच्या 'रेड विंग्ज' संघात दाखल झाले. सिड एबल आणि गॉर्डी हाऊ यांच्यासह त्यांची जी आघाडीची फळी होती, तिला मोटार कारखान्यांच्या त्या शहराने 'प्रॉडक्शन लाइन' असे नाव दिले. १९५० ते १९५५ या काळात संघाने चार वेळा स्टॅन्ली चषक जिंकला. कीर्ती अशी, मोबदल्याची व्यवस्था मात्र निराळी होती.

नॅशनल हॉकी लीगमध्ये त्या वेळी अवघे सहा संघ होते. करारातील एका कलमामुळे मुदत संपल्यावरही खेळाडू त्याच संघाशी बांधलेला राही. मालकाला मात्र त्याला दुसऱ्या संघाकडे विकण्याची मुभा होती. त्यातही डेट्रॉइटच्या मालक नॉरिस कुटुंबाचे हितसंबंध शिकागो आणि न्यूयॉर्कच्या संघांतही गुंतलेले. अर्थशास्त्रात जिला खरेदीदाराची मक्तेदारी म्हणतात, तिचे इतके निर्भेळ उदाहरण कोळशाच्या खाणीतही क्वचितच सापडेल. १९४७ पासून निवृत्तिवेतन निधी होता व त्यात प्रत्येक खेळाडू वर्षाला ९०० डॉलर भरीत असे. लिंडसे त्या निधीवर खेळाडूंचे प्रतिनिधी झाले आणि त्यांनी हिशेबाच्या वह्या पाहायला मागितल्या. त्या मिळाल्या नाहीत. सारे प्रकरण येथून सुरू झाले.

फेब्रुवारी १९५७ मध्ये लिंडसे आणि मॉन्ट्रियलचे डग हार्वे यांनी खेळाडूंची संघटना जाहीर केली. सहाही संघांतील जवळजवळ सर्व खेळाडूंनी सह्या केल्या होत्या. मागण्या क्रांतिकारक नव्हत्या: निधीचा हिशेब, किमान वेतन, दुसऱ्या संघात पाठवल्यास स्थलांतराचा खर्च. लिंडसे यांच्या व्यक्तिगत कामगिरीचा तोच सर्वोत्तम हंगाम होता. तरीही जुलैमध्ये त्यांची रवानगी तळाच्या शिकागो संघात झाली. टोरान्टोचे कर्णधार जिम थॉमसन यांनाही तेथेच धाडण्यात आले. संघटना बांधणाऱ्याला दूर फेकण्याची ही रीत कोणत्याही कार्यकर्त्याला नवी वाटू नये. डेट्रॉइटच्या व्यवस्थापकांनी वार्ताहरांपुढे लिंडसे यांच्या पगाराचे फुगवलेले आकडे ठेवले, तेही ठरलेल्या रीतीप्रमाणेच.

नोव्हेंबरमध्ये खुद्द डेट्रॉइटच्या खेळाडूंनी संघटना सोडली. ज्यांच्या एका शब्दाला मालकांपुढे वजन होते, ते हाऊ त्याच संघात होते. फेब्रुवारी १९५८ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली, ७००० डॉलरचे किमान वेतन मिळाले आणि संघटना विसर्जित झाली. लिंडसे यांचे धैर्य वादातीत आहे; पण सही म्हणजे संघटना नव्हे. पहिला घाव बसल्यावर काय करायचे, याची तयारी त्या सह्यांमागे नव्हती.

त्यांचा ताठरपणा मात्र पुढेही टिकला. १९६६ मध्ये हॉकीच्या कीर्तिमंदिरात त्यांची निवड झाली, तेव्हा समारंभ केवळ पुरुषांसाठी होता. पत्नी आणि मुलांना प्रवेश नसेल तर आपणही येणार नाही, असे सांगून ते घरीच राहिले. पुढच्या वर्षी नियम बदलला.

१९६७ मध्ये संघटना पुन्हा उभी राहिली, ती ॲलन ईगलसन या वकिलाच्या हाती. खेळाडूंनी त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला. १९९८ मध्ये फसवणुकीच्या गुन्ह्यांसाठी ईगलसन तुरुंगात गेले. मालकाला हिशेब विचारायचा आणि आपल्या पुढाऱ्याला विचारायचा नाही, हा दोष केवळ हॉकीतला नाही.

निवृत्तिवेतनाचा तो जुना प्रश्न अखेर निवृत्त खेळाडूंनीच न्यायालयात नेला. १९९२ मध्ये ऑन्टारिओच्या न्यायालयाने निधीतील कोट्यवधी डॉलरची शिल्लक खेळाडूंचीच असल्याचा निर्णय दिला. त्या दाव्यातील वादींमध्ये गॉर्डी हाऊ यांचेही नाव होते.