सगळा डबा बदलण्याआधी प्रोसेसर बदला

जुना गेमिंग कॉम्प्युटर अडखळू लागला की दुकानदाराचे, मित्रांचे आणि यूट्यूबवरच्या पोरांचे एकच उत्तर तयार असते: हा संपला, आता नवीन घ्या. माझे मत याच्या उलट आहे. २०१७ ते २०२० या काळात ज्यांनी एएमडीच्या रायझन प्रोसेसरवर पीसी असेंबल करून घेतला, त्यांतल्या बहुतेकांनी आज नवा पीसी घेऊ नये. फक्त प्रोसेसर बदलावा, तोही आधी नीट तपासून. इंटेलवाल्यांचा मामला वेगळा आणि जरा दुःखाचा आहे, त्याच्याकडे पुढे येतो.

हा विषय इथे कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण असा एखादा कॉम्प्युटर आज आपल्या मोहल्ल्यात घरटी नसला तरी गल्लीत दोन-चार तरी सापडतात. पोराने ईदी साठवून, सुट्टीत एखाद्या मोबाईलच्या दुकानात राबून तो उभा केलेला असतो. नाव गेमिंगचे, पण त्यावरच कॉलेजचे प्रोजेक्ट होतात, बहिणीचे प्रवेशाचे फॉर्म भरले जातात, कुणी लग्नाचे व्हिडिओ एडिट करून घरखर्चाला हातभार लावतो. त्याला ‘खेळणे’ म्हणून नाक मुरडणाऱ्या बुजुर्गांशी मी इथे वाद घालणार नाही. पण ते खेळणे असो वा साधन, त्यावर नाहक साठ-सत्तर हजार रुपये जाऊ नयेत, एवढ्यावर तरी आपले एकमत असावे.

माझ्या भाच्याचेच उदाहरण घ्या. रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी३५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि नंतर घेतलेले जीटीएक्स १६६० सुपर कार्ड. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळताना ऐन गोळीबारात चित्र अटकायचे. दुकानदाराने कागदावर यादी करून दिली: नवा प्रोसेसर, नवा बोर्ड, नवी रॅम, आणि ‘एवढे करतोच आहेस तर’ पॉवर सप्लायही. “मामू, तो म्हणतो जुन्यातलं काहीच चालणार नाही,” असे सांगत तो माझ्याकडे आला. यादीतली एक वस्तू सोडली तर बाकी सारे जुनेच चालणार होते.

आधी दोष कुणाचा ते ठरवावे लागते. अटकणे दोन ठिकाणी होऊ शकते. ग्राफिक्स कार्ड चित्र रंगवते. त्याआधी कोण कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, भिंतीमागे काय आहे, हा हिशोब प्रोसेसर करतो आणि कार्डाला हुकूम देतो. तपासायला काही खर्च नाही. खेळाचे रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम झपाट्याने वाढल्या तर कार्ड दमले होते. वाढल्याच नाहीत तर प्रोसेसर मागे पडतोय. खेळ चालू असताना कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या वर राहत असेल तर प्रोसेसरवर एक पैसाही घालू नका. सायबरपंक २०७७ सारखा जड खेळ १६६० सुपरवर सगळ्या सेटिंग उंच ठेवून चालवला तर कार्डच आधी हात टेकते, तिथे नवा प्रोसेसर आणून फार काही साधत नाही.

इथे एक फसगत होते. टास्क मॅनेजर उघडला की प्रोसेसरचा वापर ४५ टक्के दिसतो आणि पोरे म्हणतात, अर्धा तर रिकामाच आहे! दावतीच्या देगीजवळ उभे राहून पाहा. कांदा चिरायला, तांदूळ धुवायला बारा माणसे असतील, पण दम कधी द्यायचा ते एकटा बावर्ची ठरवतो. तो अडला की बाकीचे अकरा हात बांधून उभे. खेळाचे मुख्य काम बहुधा एकाच धाग्यावर, म्हणजे थ्रेडवर, चालते. तो भरला की बाकीचे रिकामे असून उपयोग नाही. म्हणून नुसते कोर मोजून प्रोसेसर घेऊ नये.

आणखी एक गोष्ट त्या बावर्चीकडूनच समजते. मसाल्याचा डबा चुलीजवळ असला तर हात सरळ जातो, गोदामात असला तर दरवेळी कुणाला तरी पळवावे लागते. प्रोसेसरच्या आतली कॅशे मेमरी म्हणजे चुलीजवळचा डबा आणि रॅम म्हणजे गोदाम. १६०० मध्ये एल३ कॅशे १६ एमबी, तीही दोन भागांत वाटलेली. २०२२ च्या एप्रिलमध्ये आलेल्या रायझन ५ ५६०० मध्ये ती ३२ एमबी आणि एकसंध. त्याच महिन्यात आलेल्या ५८००एक्स३डी मध्ये चिपवर कॅशेचा आणखी एक मजला चढवून ती ९६ एमबी केली. १४४ हर्ट्झच्या स्क्रीनवर एका फ्रेमला सात मिलिसेकंदांहूनही कमी वेळ मिळतो. तेवढ्यात गोदामाच्या फेऱ्या जितक्या कमी तितके बरे. सरासरी फ्रेमपेक्षाही मधले झटके कमी होतात, आणि डोळ्याला खुपतात ते झटकेच.

आता बोर्डाविषयी. एएमडीचे एएम४ सॉकेट २०१६ मध्ये आले, पहिले रायझन त्यावर मार्च २०१७ मध्ये बसले, आणि त्याच सॉकेटवर बसणारा ५७००एक्स३डी निघाला तो जानेवारी २०२४ मध्ये. एवढे लांब आयुष्य फारच थोड्या सॉकेटना मिळाले. पण याला कंपनीची मेहरबानी समजू नका. मे २०२० मध्ये एएमडीने पुढचे रायझन फक्त ५०० मालिकेच्या बोर्डांवर चालतील असे सांगितले होते. कारण दिले बायोसच्या चिपचे: अनेक जुन्या बोर्डांवर ती १६ एमबीची होती आणि सगळ्या प्रोसेसरची माहिती तीत मावत नव्हती. ग्राहकांनी गदारोळ केला, तेव्हा ४०० मालिकेला सूट मिळाली. ३०० मालिकेला, म्हणजे भाच्याच्या बी३५० ला, अधिकृत परवानगी मिळाली ती थेट २०२२ मध्ये. चिप तीच, बोर्ड तोच. काही कंपन्यांनी यादीतले अगदी जुने प्रोसेसर काढून नव्यांना जागा करून दिली. ‘जमत नाही’ असे कंपनी म्हणते तेव्हा त्यातले किती खरे असते, हे यावरून ध्यानात यावे.

इंटेलकडे उलट अनुभव. सातव्या आणि आठव्या पिढीचे सॉकेट नावाला एकच, ११५१ पिनांचे. तरी २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये आलेली आठवी पिढी जुन्या बोर्डावर चालत नाही. आय५-७४०० वाल्याला त्याच बोर्डावर फार तर आय७-७७०० लावता येतो: चार कोर, आठ थ्रेड, आणि जुन्या बाजारात त्याची किंमत वयाच्या मानाने जास्त. त्या फंदात पडू नये. त्यांनी डीडीआर४ रॅम घेणारा एखादा साधा बोर्ड आणि बाराव्या पिढीचा आय५-१२४००एफ पाहावा, म्हणजे निदान रॅम तरी वाचते.

रॅम वाचवणे ही आज छोटी गोष्ट नाही. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केली आणि भाव कडाडले. डिसेंबरमध्ये मायक्रॉन कंपनीने तर ‘क्रुशियल’ हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटला फक्त डीडीआर५ चालते. म्हणजे नवा प्रोसेसर घ्यायला गेलात की बोर्ड आणि रॅम गळ्यात पडलीच. दुकानदाराच्या यादीत नेमके हेच झाले होते.

मग घ्यावा कोणता? १६६० सुपर किंवा आरएक्स ६६०० च्या दर्जाचे कार्ड असेल तर माझे उत्तर रायझन ५ ५६००. सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॉट. बी३५० वरचा साधा वीजपुरवठा त्याला पेलतो आणि डब्यात कूलर येतो. एक्स३डी तेव्हाच, जेव्हा कार्ड खरोखर दमदार आहे, किंवा तुम्ही वेगवान स्क्रीनवर नेमबाजीचे खेळ आणि शहर वसवण्याचे खेळ तासन्‌तास खेळता. ते १०५ वॉटचे असतात, कूलर वेगळा घ्यावा लागतो, स्वस्त बोर्ड तापतो. शिवाय नवे कोरे मिळणे आता दुर्मिळ झाले आहे. भाच्याला अर्थातच एक्स३डी हवा होता. १६६० सुपरला तो लावणे म्हणजे रिक्षाला ट्रकचे इंजिन बसवणे, असे मी त्याला म्हटले. तो रुसला, पण ५६०० च घेतला.

काउंटरवर नावे नीट वाचा. ५६००, ५६००जी आणि ५५०० ही सख्खी भावंडे नाहीत. ५५०० आणि ५६००जी यांत कॅशे १६ एमबीच आहे. ५६००जी ची गंमत त्याच्या आतल्या ग्राफिक्समध्ये आहे, आणि वेगळे कार्ड असताना त्या गमतीचे पैसे भरण्यात अर्थ नाही. लॅमिंग्टन रोडवर “सेम है, थोडा सस्ता है” असे सांगून ५५०० पुढे सरकवला जाताना मी पाहिले आहे. बजेट तेवढेच असेल तर घ्या, पण सेम समजून घेऊ नका.

विंडोजचा प्रश्नही यातच सुटतो. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत पहिल्या पिढीचे रायझन बसत नाहीत. लाखो लोकांना यावरून पीसीच बदलायचा सल्ला मिळाला. एएम४ बोर्डावर नुसता ५६०० लावला आणि बायोसमध्ये एफटीपीएम व सिक्युअर बूट चालू केले की तोच जुना डबा यादीत येतो.

पैसे देण्यापूर्वी मोफतचे उपाय करून पाहा. रॅमच्या दोन पट्ट्या आहेत की एकच? एक असेल तर दुसरी लावल्यानेही बराच फरक पडतो. रॅम ३२०० ची घेतली पण बायोसमध्ये एक्सएमपी चालूच केले नाही, म्हणून ती २१३३ वर किंवा २४०० वर रांगते, हे तर मी कित्येक घरांत पाहिले आहे. पंख्यात साचलेल्या धुळीबद्दल काय बोलावे!

बदलताना क्रम चुकू देऊ नका. बोर्डाचे पूर्ण नाव, आवृत्तीसह, बघून कंपनीच्या साइटवरच्या यादीत नवा प्रोसेसर आहे का ते पाहा. बायोस अपडेट जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करा, आणि यूपीएस असल्याशिवाय करू नका. आपल्याकडची वीज भरवशाची नाही आणि अपडेटच्या मध्यात ती गेली तर बोर्ड मरतो. डिस्क बिटलॉकरने बंद केली असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा, कारण प्रोसेसर बदलला की ती मागितली जाते. एएम४ च्या पिना बोर्डावर नसून प्रोसेसरला असतात. कूलर सरळ वर खेचला तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही उपटून येतो. दहा मिनिटे एखादा खेळ चालवून तो गरम करा, पीसी बंद करून प्लग काढा, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. जुना-वापरलेला प्रोसेसर घेत असाल तर मोबाईलचा टॉर्च लावून पिनांच्या रांगा दोन्ही बाजूंनी पाहा आणि समोर लावून चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

काढलेला १६०० लगेच विकू नका. दोन-तीन आठवडे डब्यात ठेवा. नव्याने काही कुरबूर केली तर दोष बोर्डाचा की प्रोसेसरचा हे तपासायला तोच लागतो. मात्र तुमच्या बोर्डाच्या नव्या बायोसने त्याचे नाव यादीतून काढलेले नाही ना, हे आधी पाहून घ्या.