सायकलच्या हँडलची पिशवी



घरात सायकल आली की आपण टायर पाहतो, सीटची उंची पाहतो, कुलूप घेतो, घंटी वाजवून पाहतो. पिशवीचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. घरातली एखादी जुनी कापडी पिशवी, नाहीतर दुकानातून सामानाबरोबर आलेली बंदांची पिशवी हँडलला अडकवली की काम झाले, असे आपण समजतो. पहिल्या पाळीला जाणारा भाऊ तिच्यात जेवणाचा डबा नेतो, कामावर जाणारी ताई येताना भाजी आणते, शाळेत जाणारी मुलगी पाण्याची बाटली आणि रेनकोट ठेवते. रोजचे काम असल्यामुळे त्यात धोका आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. म्हणून या वेळी या साध्या वस्तूबद्दल चार गोष्टी सांगाव्यात असे आम्ही ठरविले.

पहिली गोष्ट म्हणजे हँडल ही सामान टांगायची खुंटी नव्हे. हँडलने सायकल वळते. तिथे लावलेले वजन आपल्या हाताबरोबर फिरते. मागच्या कॅरिअरवर पाच किलो तांदूळ घट्ट बांधला तर सायकल फक्त जड लागते. तोच तांदूळ हँडलला टांगला तर वळताना हँडल आपल्या हातातून ओढले जाते आणि खड्डा चुकवताना सायकल हवी तितकी वळत नाही, किंवा हवी त्यापेक्षा जास्त वळते. वजन एकाच बाजूला असेल तर सायकल सारखी त्या बाजूला कलते आणि ते सावरण्यात हात भरून येतात.

याहून मोठा धोका पिशवी झुलण्यात आहे. लांब बंदांची पिशवी हलत हलत पुढच्या चाकाच्या तारांत जाते. तिचा कोपरा किंवा बंद तारांत अडकला की चाक फिरत फिरत फोर्कशी येऊन जागच्या जागी थांबते. मागचे चाक थांबले तर सायकल घसरते. पुढचे चाक एकदम थांबले तर मात्र माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो, आणि पडताना हात पुढे करतो म्हणून मनगट किंवा खांदा दुखावतो. ज्याच्या घरात रोजच्या हजेरीवर चूल पेटते, त्याला मनगट महिनाभर प्लॅस्टरमध्ये ठेवणे परवडत नाही. तेव्हा चांगल्या पिशवीला हौस समजू नये.

काही जण म्हणतील, मुंबईचे डबेवाले तर हँडलला ओळीने डबे अडकवून नेतात, त्यांचे कुठे काय बिघडते? त्यांचे काम नीट पाहावे. ते हँडलच्या दोन्ही बाजूंना भार वाटतात, आणि रोजच्या सवयीने त्यांचा हात त्या वजनाला बसलेला असतो. आपण एका बाजूला एक पिशवी अडकवून घाईने निघतो. दोन्हींची तुलना होऊ शकत नाही.

आता कोणती पिशवी घ्यावी, ते पाहू. बाजारात साधारण तीन प्रकार मिळतात.

पहिला प्रकार पट्ट्यांनी बांधायच्या पिशवीचा. ती हँडलच्या पुढे बसते, वर दोन पट्टे असतात. घेताना तिसरा पट्टा आहे का ते आवर्जून पाहावे. हा तिसरा पट्टा हँडलखालच्या उभ्या नळ्याभोवती बांधायचा असतो. पिशवी झुलू न देण्याचे खरे काम तोच करतो. दोनच पट्ट्यांची पिशवी प्रत्येक खड्ड्याला उडते आणि पट्ट्यांच्या मुळाशी लवकर उसवते.

दुसरा प्रकार खटक्याचा. हँडलवर एक प्लॅस्टिकचा खटका कायमचा बसवतात आणि पिशवी त्यात अडकवतात. कामावर पोचल्यावर पिशवी काढून आत नेता येते, ही मोठी सोय. किंमत मात्र जास्त असते, आणि खटका तुटला तर नुसती पिशवी निरुपयोगी होते. सुटा खटका त्याच दुकानात मिळेल काय, हे आधी विचारून घ्यावे.

तिसरा प्रकार बास्केटचा. लेडीज सायकलला ही बऱ्याचदा आधीच असते. जिला खालून दोन सळ्यांचा आधार असून त्या सळ्या पुढच्या चाकाच्या आसाशी नटाने कसलेल्या असतात, ती बास्केट चांगली. नुसती हँडलवर अडकवलेली बास्केट काही दिवसांनी पुढे वाकून मडगार्डवर टेकते. बास्केटमध्ये ठेवलेले सामान उडू नये म्हणून वरून एक जाळी किंवा जुन्या ट्यूबची पट्टी ताणून लावावी.

याखेरीज चौथा मार्ग आपल्याच वस्तीत असतो. बॅगा किंवा चपला शिवणारा कारागीर जाड कॅनव्हासची किंवा रेक्झीनची पिशवी मापाने शिवून देतो. मागच्या बाजूला आतून जाड पुठ्ठा किंवा प्लॅस्टिकची पट्टी घालून घेतली तर पिशवी लोंबत नाही. पट्टे नायलॉनचे आणि लोखंडी बकलाचे सांगावेत, आणि पट्टा जिथे जोडला आहे तिथे चौकोन करून त्यात फुलीची शिलाई मारून घ्यावी. अशी पिशवी उसवली तर पुन्हा त्याच माणसाकडे दुरुस्त होते आणि पैसाही वस्तीतच राहतो.

दुकानात जाण्यापूर्वी घरी दोन मापे घ्यावीत. एक, हँडलच्या नळीचे. जिथे पट्टा किंवा खटका बसणार तिथे एक दोरा एकदा गुंडाळून तो पट्टीवर मोजावा. दोरा 7 सेंटिमीटर भरला तर नळी सुमारे 22 मिलिमीटरची, 8 सेंटिमीटर भरला तर 25 मिलिमीटरची, आणि 10 सेंटिमीटर भरला तर सुमारे 32 मिलिमीटरची समजावी. जुन्या काळ्या सायकलींची नळी बारीक असते, नव्या गिअरच्या पुष्कळ सायकलींची मधली नळी जाड असते. पट्ट्यांची पिशवी कोणत्याही नळीवर बसते, खटक्याची बसेलच असे नाही.

दुसरे माप वजनाचे. रोज काय न्यायचे ते सगळे एका पिशवीत भरून वाण्याच्या काट्यावर ठेवावे. एक लिटर पाणी म्हणजेच एक किलो. भरलेला तीन कप्प्यांचा डबा, बाटली, रेनकोट आणि कुलूप मिळून सहज तीन किलो होतात. आमच्या मते हँडलच्या पिशवीला तीन किलो ही हद्द धरावी, आणि पिशवीवर याहून कमी लिहिले असेल तर ते पाळावे. त्यावरचे सगळे मागच्या कॅरिअरवर. पिशवीत जड वस्तू तळाशी आणि हँडलच्या बाजूला, हलकी वस्तू वर आणि पुढे.

दुकानात सायकल घेऊन जावे आणि पिशवी बांधून या पाच गोष्टी तपासाव्यात. हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवून पिशवी कुठे घासत नाही ना ते पाहावे. दोन्ही ब्रेक दाबावेत. जुन्या सायकलीच्या ब्रेकच्या सळ्या हँडलखालून जातात, नव्या सायकलीच्या वायरी समोरून वळतात. पिशवीने त्या दाबल्या तर ब्रेक अर्धवट लागतो, किंवा लागलेला सुटत नाही. पिशवीचा तळ आणि मडगार्ड यांच्यात चार बोटे अंतर हवे. पुढे शॉकअ‍ॅब्सॉर्बर असेल तर हँडल खाली दाबून मग अंतर मोजावे. दिवा आणि रिफ्लेक्टर झाकला जाऊ नये, कारण रात्रपाळीच्या माणसाला समोरच्या ट्रकने पाहिले पाहिजे. आणि शेवटी, बांधल्यावर लोंबणारे पट्ट्याचे टोक कापून जाळून घ्यावे, किंवा आत खोचावे. ते टोकही चाकात जाते.

एका प्रसंगाचा उल्लेख इथे केला पाहिजे. आमच्या परिचयातील एका कुटुंबातली मुलगी नववीत शिकते. शाळा घरापासून चार किलोमीटर. हँडलला अडकवलेली डब्याची पिशवी चाकात गेली आणि ती भर रस्त्यात पडली. गुडघे फुटले, पुढचा दात अर्धा तुटला. मागून येणारा टेम्पो वेळीच थांबला म्हणून पोर वाचली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा सायकल उलटी करून भिंतीला लावलेली होती. वडील म्हणाले, "दादा, सायकल विकून टाकतो. पोरीच्या जातीला हे झेपत नाही. दहावीपर्यंत जमलं तर बघू, नाही तर बसेल घरी." आई म्हणाली, "भाऊ, तुम्हीच सांगा यांना. बसचे पैसे रोज कुठून आणायचे?" मुलगी पडद्याआडून ऐकत होती.

आम्ही सायकल सरळ करून पाहिली. पुढच्या चाकाच्या तीन तारा वाकल्या होत्या आणि त्यांत पिशवीच्या बंदाची चिंधी अजून तशीच होती. ती काढून वडिलांच्या हातात दिली. म्हटले, भाऊ, पोरीला सायकल झेपत नाही की या बंदाला डबा झेपला नाही, हे तुम्हीच ठरवा. तुमचा स्वतःचा डबा कसा अडकवता? त्यांनी दाराबाहेरच्या आपल्या सायकलकडे पाहिले. तिच्याही हँडलला तशीच पिशवी होती. ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी कारागिराकडे एकदम दोन पिशव्या शिवायला टाकल्या, असे त्या माउलीने सांगितले. मुलगी आज शाळेत जाते.

हे सांगण्याचे कारण असे की, मुलगा पडला तर आपण सायकल दुरुस्त करतो आणि मुलगी पडली तर तिची शाळा बंद करू पाहतो. बिहार सरकारने 2006 साली नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्याची योजना सुरू केली, आणि पुढे झालेल्या अभ्यासात असे दिसले की त्यामुळे माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या वाढली. शाळा लांब असलेल्या गावांत त्याचा उपयोग जास्त झाला. सायकल मुलीला शाळेपर्यंत पोचवते, तेव्हा ती सुरक्षित ठेवणे हे घरातल्या मोठ्यांचे काम आहे. दप्तराबद्दलही तेच. केंद्र सरकारच्या 2020 च्या दप्तर धोरणात पहिली ते दहावीच्या मुलांचे दप्तर त्यांच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे असे म्हटले आहे. म्हणजे 40 किलोच्या मुलीला चार किलो. हे दप्तर हँडलला कधीही लावू नये. ते मागच्या कॅरिअरवर बांधावे, हँडलच्या पिशवीत फक्त डबा आणि बाटली.

आता पैशाचा हिशेब. समजा, 150 रुपयांची पिशवी चार महिन्यांत फाटली, तर महिन्याला साडेसदतीस रुपये पडले. 450 रुपयांची पिशवी तीन वर्षे टिकली, तर महिन्याला साडेबारा रुपये. स्वस्त वस्तू गरिबाला महाग पडते ती अशी. पण एकदम 450 रुपये काढणे सर्वांना जमत नाही हेही आम्ही जाणतो. त्यांनी घरातल्या जाड जीन्सच्या दोन पायांची पिशवी शिवावी, तिला तीन पट्टे लावावेत आणि आत प्लॅस्टिकची पिशवी घालावी. पावसात शिवलेली पिशवी शिलाईतून गळू शकते, महागाचीही. म्हणून वर चेनपेक्षा झाकण असलेली पिशवी बरी, आणि आतून प्लॅस्टिक सर्वांनीच घालावे. पट्टा नळीवर घसरत असेल तर खाली जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळावा. त्याला पैसे लागत नाहीत.

मोबाईल ठेवायला वरून पारदर्शक कप्पा असलेल्या पिशव्या हल्ली मुलांना आवडतात. कप्पा असू द्यावा, पण सायकल चालू असताना त्याकडे पाहू नये, हे मुलांना बजावावे. आणि पिशवी कोणतीही असो, दर रविवारी सायकल पुसताना तिचे पट्टे ओढून पाहावेत. शिलाई सुटू लागलेली दिसली की त्याच दिवशी टाके घालून घ्यावेत. टाके घालायला पाच मिनिटे लागतात, हाड जुळायला सहा आठवडे.