शतावरीने म्हशीचं दूध वाढतं? रीलवर विश्वास ठेवण्याआधी हे वाचा

भिवंडी म्हटलं की यंत्रमाग आणि गोदामं आठवतात. पण इथे म्हशींचे तबेलेही आहेत. ‘आंबोणात ही आयुर्वेदिक पावडर घाला, दूध वाढवा’ अशा रील्स मलाही सारख्या दिसतात. मी सॉफ्टवेअरवाला आहे, पशुवैद्य नाही. पण दावा तपासायची पद्धत सगळीकडे सारखीच असते.

वनस्पती पोटात काय करतात?

रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा म्हणजे रूमेन. तिथले सूक्ष्मजीव चारा आंबवून त्यातून ऊर्जा मिळवून देतात. याच कामात मिथेन तयार होतो आणि ढेकरेतून बाहेर पडतो. चाऱ्यातली साधारण 2 ते 12 टक्के ऊर्जा अशी वाया जाते. काही वनस्पतींमधलं टॅनिन या मिथेनला आवर घालतं. बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक खाद्य बनवलंय. त्याने मिथेन 17 ते 20 टक्के घटतो, असं संस्था सांगते. शतावरीचं गणित वेगळं आहे. तिची मुळं दूधवाढीसाठी परंपरेने देतात.

चर्चा आत्ताच का?

युरोपियन युनियनने 1 जानेवारी 2006 पासून जनावरांच्या वाढीसाठी खाद्यात अँटिबायोटिक घालणं बंद केलं. आपल्याकडेही दूध-मांसातल्या अँटिबायोटिकबाबत एफएसएसएआयचे कडक नियम 1 एप्रिल 2025 पासून लागू झाले. त्यामुळे पर्याय म्हणून वनस्पतींकडे लक्ष गेलंय.

मग रीलमध्ये गडबड कुठे आहे?

म्हैस व्यायल्यावर पहिले सहा-आठ आठवडे दूध आपोआप चढतं. तेव्हाच पावडर सुरू केली की सगळं श्रेय पावडरला! खरं तपासायचं तर ॲपवाले करतात तशी ए/बी टेस्ट करा: साधारण एकाच वेळी व्यालेल्या म्हशींचे दोन गट, चारा सारखाच, पावडर फक्त एका गटाला आणि दुधाची रोज नोंद.

आणि ‘नैसर्गिक’ म्हणजे कितीही चालतं, असं नाही. टॅनिन जास्त झालं तर जनावर कमी खातं, प्रथिनं नीट पचत नाहीत. पाकिटावर घटक आणि मात्रा नसेल तर घेऊच नका. कासदाह झाला असेल तर पावडरवर दिवस घालवू नका, लगेच पशुवैद्यांना बोलवा.

घरी किंवा ओळखीत कोणाची जनावरं असतील, तर रीलऐवजी त्यांना हे पाठवा. दूधधंद्यात सर्वांत मोठा खर्च खाद्याचाच असतो. त्यात फुकटची भर कशाला?