त्या प्लेटा फेकू नका

कर्करोगाच्या वॉर्डात सलाइनमधून उतरणारं लालभडक औषध ज्यांच्या घरातल्यांनी घेतलंय, ते तो रंग विसरत नाहीत. ते डॉक्सोरुबिसिन, आणि ते मातीतल्या जिवाणूचं देणं आहे. इटलीतल्या कास्तेल देल मोन्ते किल्ल्याच्या परिसरातल्या मातीत स्ट्रेप्टोमायसीस प्युसेटियस सापडला. त्याच्यापासून आधी डॉनोरुबिसिन मिळालं, मग त्याच्याच बदललेल्या वाणापासून १९६९च्या सुमारास हे लाल औषध. आपल्याकडे पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. थिरुमलाचार यांनी मातीतूनच हॅमायसिन शोधलं. ते बुरशीवरचं औषध, आणि ते देणाऱ्या जिवाणूला पिंपरीवरून नाव मिळालं स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना.

मी विदर्भातल्या सोनाळ्याचा, सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. आमच्या उत्तरेला सातपुडा आणि अंबाबरव्याचं जंगल, खाली पूर्णा नदीकडे खारपाणपट्टा. एवढ्याशा टापूत मातीचे इतके प्रकार! सागाखालची वीतभर खोल माती आणायची, सावलीत वाळवायची, पाण्यात टप्प्याटप्प्याने पातळ करून स्टार्च-केसीन आगरवर पसरायची. बाकीचे जिवाणू दुसऱ्या दिवशीच प्लेट भरतात. स्ट्रेप्टोमायसीसना आठवडा लागतो. मग खडूची पूड सांडावी तशा राखाडी-पांढऱ्या कॉलन्या उमटतात, सुईने उचलू गेलं तर आगरात घट्ट रुतलेल्या. झाकण उघडलं की मृगाच्या पहिल्या पावसाचा वास येतो. शेतातही तो वास बऱ्याच अंशी हेच जिवाणू सोडतात. काहींच्या खाली लाल-जांभळा रंग झिरपतो आणि पोरं हरखतात. पण रंग म्हणजे औषध नव्हे. अर्क काढून तो कर्कपेशींवर तपासावा लागतो, निरोगी पेशींवरही. दोन्हींना सारखंच मारणारा अर्क उपयोगाचा नाही, आणि बहुतेक अर्क इथेच बाद होतात.

म्हणूनच एकेक जिवाणू जपायला हवा. आज बाद झालेला उद्या वेगळ्या चाचणीत कामी येऊ शकतो. पण विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाची तोंडी परीक्षा झाली की प्लेटा ऑटोक्लेव्हमध्ये जाताना मी पाहिल्या आहेत. पोरांची महिनोन्‌महिन्यांची मेहनत एका दुपारी संपते, याचा मला संताप येतो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात सूक्ष्मजीव जतन करण्याची सोय आहे. शिवाय २००२च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव जैवविविधता समिती आणि नोंदवही आली, गावच्या जिवाणूतून काही निघालं तर गावाला लाभात वाटा मागता येतो. पण नोंदवहीत झाडं-पाखरं येतात, माती राहून जाते.

विदर्भातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागप्रमुखांना माझी विनंती आहे: चांगल्या कॉलन्या पुण्याला पाठवा, सोबत गाव आणि शिवाराचं नाव लिहा. यंदाच्या तुकडीपासूनच सुरुवात करा.