मोहोळाविरुद्धचा ठराव

आमच्या चौमजली इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीच्या कडेखाली गेल्या कार्तिकात आग्या मोहोळ लागले, आणि ते लागल्यास आठवडाही उलटला नसेल तोच रहिवाशांच्या सभेत ते रात्री पलिते लावून जाळून टाकावे असा ठराव रीतसर मांडला गेला. ठरावाच्या बाजूने जी कैफियत झाली ती अगदीच टाकाऊ होती असे म्हणण्याचा अन्याय मी करणार नाही. खाली मुले खेळतात, तिसऱ्या मजल्यावर एक वृद्ध गृहस्थ दम्याने जर्जर आहेत, आणि आग्या माशी खवळली म्हणजे ती एकटी येत नाही, या तिन्ही गोष्टी निर्विवाद आहेत. वाद आहे तो त्यांतून काढलेल्या अनुमानाविषयी.

जाळल्याने भय नाहीसे होते हे गृहीतकच मुळात चुकीचे आहे. आग्या माशीचे पोळे म्हणजे उघड्यावर लोंबणारा मेणाचा एकच पडदा; तो मीटरभर रुंद असतो आणि त्यावर हजारो कामकरी माश्या एकमेकींना बिलगून थर करून बसलेल्या असतात. पलित्याने त्यांतल्या कितीक मरतात हे खरे, परंतु उरलेल्या उजेडाकडे झेपावणाऱ्या असल्यामुळे दिवे लागलेल्या नेमक्या त्याच खिडक्यांत शिरतात, ज्यांच्या संरक्षणासाठी हा सारा बंदोबस्त केलेला असतो. आणि दुसऱ्या दिवशी त्या बेघर माश्या त्याच परिसरात घोटाळत राहतात. औषध फवारण्याचा मार्ग सभ्य वाटतो इतकेच. त्यात पोळ्यातला मधही विषारी होतो, आणि तो खाली पाडून बरण्या भरून नेणारे महाभाग मी स्वतः पाहिले आहेत.

पण या सभेत मला अधिक अस्वस्थ केले ते दंशावरील उपायांच्या चर्चेने. एकाने चुना सुचविला, दुसऱ्याने व्हिनेगर, आणि एका आजींनी जुन्या कुलपाची लोखंडी किल्ली घासण्याचा तोडगा इतक्या अधिकारवाणीने सांगितला की त्याला विरोध करणे कोणालाच शोभले नसते. (लोखंडाने विष उतरत असते तर लोहारशाळेलाच दवाखान्याची परवानगी मिळाली असती.) चुन्याच्या समर्थकांचा युक्तिवाद असा, की माशीचे विष आम्ल आहे, सबब त्यावर अल्कधर्मी द्रव्य लावावे. विष आम्लधर्मी असते हे मान्य. परंतु आग आणि सूज येते ती त्या आम्लामुळे नव्हे. विषाच्या कोरड्या वजनाचा सुमारे निम्मा भाग मेलिटिन नावाच्या द्रव्याचा असतो, ते पेशींची आवरणे फोडते, आणि नांगीने ते त्वचेच्या आत सोडलेले असते. वरून थापलेला चुना तेथवर पोहोचत नाही; पोहोचतो तो केवळ आधीच सुजलेल्या कातडीला भाजण्यापुरता.

याहून चिवट असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे, आणि तो मीही कित्येक वर्षे निष्ठेने बाळगला होता, हे येथे कबूल करतो. नांगी चिमटीत धरू नये, तिच्यासोबतची विषाची पिशवी पिळली जाऊन उरलेले विष अंगात उतरते. ती नखाने किंवा सुरीच्या बोथट कडेने खरवडूनच काढावी, असा तो समज. प्रत्यक्षात काटेरी नांगी माशीच्या शरीरातून तुटून आपल्या अंगात राहिली तरी तिचे स्नायू आपोआप विष ढकलतच राहतात आणि पहिल्या 20 सेकंदांतच बहुतेक सारे विष आत गेलेले असते. 1996 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत नांगी चिमटीने काढली काय किंवा खरवडली काय, फरक आढळला नाही, फरक पडला तो विलंबाने. म्हणजे योग्य हत्याराच्या शोधात स्वयंपाकघराकडे धावणारा सावध मनुष्य त्या धावण्यातच विषाला मुदत देत असतो.

नांगी निघाली की तेथून दूर व्हावे, कारण दंशाबरोबर माशी पिकल्या केळ्यासारखा एक गंध मागे ठेवते आणि तो इतर माश्यांना शत्रूची जागा दाखवितो. मग साबणपाण्याने धुवावे आणि गार पाण्याची पट्टी ठेवावी. मात्र अंगभर गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, श्वास कोंडला, चक्कर आली, तर किल्ली, चुना आणि मसलत सारे तहकूब करून इस्पितळ गाठावे. तेथे लागते ते ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन. पुष्कळ दंश झालेल्यालाही तो बरा दिसतो म्हणून घरी ठेवू नये.

राहता राहिला मोहोळाचा प्रश्न. मोहोळ कोणत्या माशीचे हे न पाहता एकच फर्मान काढणे हीच मुळात बेबंदशाही होय. मेंदीच्या कुंपणात डहाळीभोवती वीतभर पोळे करणारी फुलोरी स्वभावाने इतकी भिडस्त, की तिला हात न लावणे हाच पुरेसा बंदोबस्त. सातेरी भिंतीच्या पोकळीत किंवा मीटरच्या पेटीत एकापुढे एक पोळी बांधते. पण तिला मधपेटीत राहण्याची सवय लावता येते, आणि महाबळेश्वरच्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर संसार चालविणारे मधपाळ आहेत. तशा जाणत्यास बोलवावे. आग्या पेटीत नांदत नाही. ती फुलोऱ्याच्या मागे हिंडणारी आहे, आणि हंगाम सरला की आपणहून निघून जाते. तोवर गच्ची बंद ठेवावी, रात्री तिकडील दिवे मालवावेत, खिडक्यांना जाळी लावावी, आणि खाली धूर वा फटाके करू नयेत. शाळेच्या दारावर किंवा रुग्णालयाच्या खिडकीला लागलेले मोहोळ हटवावेच लागते, हे मी नाकारत नाही. परंतु ते संध्याकाळनंतर, आसपासच्यांना आगाऊ सूचना देऊन, पोशाख असलेल्या जाणत्या माणसांकडून.

सभेत माझी ही मांडणी बहुमताने नव्हे, केवळ वेळ संपल्यामुळे टिकली आणि ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब झाला. पुढील सभा गणसंख्येअभावी भरली नाही. वैशाखात एका सकाळी पाहिले तो टाकीखाली माश्या नव्हत्या. पिवळट मेणाचा रिकामा पडदा तेवढा लोंबत होता. चिटणीसांनी लगेच मला गाठून विचारले, की त्या डागावर रंग देण्याचा खर्च आता कोणाच्या नावे टाकावा. तो मी दिला. यंदा दिवाळीनंतर त्या रंगावर, त्याच जागी, पुन्हा मोहोळ लागले आहे.