हाती नसलेले तिकीट

चित्रपटगृहाच्या दाराशी ‘दस का बीस’ असे पुटपुटणारा काळाबाजारवाला वाचकांना आठवत असेल. त्याच्या मुठीत निदान खरे तिकीट तरी असे!

२२ सप्टेंबर २०२४ रोजी ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या नवी मुंबईतील कार्यक्रमांची ऑनलाइन तिकीटविक्री सुरू झाली. माझी भाची मोबाइल घेऊन बसली, तो रांगेतील तिचा क्रमांक लाखांच्या घरात. पानातले अन्न निवले. रांग सरली नाही. २,५०० ते ३५,००० रुपयांची ती तिकिटे पाहता पाहता संपली आणि अन्यत्र लाखांच्या भावाने झळकू लागली.

अशा पुनर्विक्रेत्यांपैकी काहींजवळ तिकीट नसतेच. आधी पैसे घ्यावयाचे, मग तिकीट शोधावयाचे, हीच त्यांची रीत. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. तथापि नियम करणे हे विधिमंडळाचे व शासनाचे काम, असे सांगून न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ती जनहित याचिका फेटाळली. तोवर सावधगिरी ज्याची त्यानेच बाळगावयाची.

“मामा, तिथे मिळताहेत, घेऊ या ना!” भाचीने हट्ट धरला. मी नाही म्हटले. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.