तळ्याकाठचे पाच दिवस

थंड हवेच्या ठिकाणी जावयाचे ठरले की घरोघर प्रथम खर्चाचा हिशेब होतो आणि मग प्रेक्षणीय स्थळांची यादी तयार होते. गेल्या मे महिन्यात नैनितालला निघताना आमच्याही घरी तसेच झाले. मी पाच दिवसांचे वेळापत्रक मोठ्या हौसेने आखले. त्यात नौकाविहार होता, दोन शिखरे होती, भीमताल व नौकुचियाताल होते. नव्हता तो फक्त आमच्या सासूबाईंच्या बाहत्तर वर्षांचा विचार.

नैनिताल कुमाऊँच्या डोंगरांत, सुमारे १,९४० मीटर उंचीवर वसले आहे. आगगाडी काठगोदामपर्यंतच जाते. पुढील सुमारे ३५ किलोमीटर घाट मोटारीने चढावा लागतो. स्थानकावर मुलांना पोटभर पुरीभाजी दिली, ही माझी पहिली चूक. तिसऱ्या-चौथ्या वळणालाच धाकट्याला उलट्या सुरू झाल्या. घाट चढण्यापूर्वी मुलांना हलके व बेताचेच खाऊ घालावे, पुढच्या बाजूस बसवावे, पुस्तक हाती देऊ नये व दूरवर नजर ठेवावयास सांगावे.

दुसरी चूक अधिक गंभीर होती. भाडे कमी म्हणून आम्ही तळ्यापासून बरेच उंचावर असलेले निवासस्थान पत्करले होते. खिडकीतून तळे दिसते एवढे विचारले. रस्त्यापासून पायऱ्या किती, हे विचारले नाही. निम्म्या वाटेवर सासूबाई एकाएकी खाली बसल्या. श्वास लागला होता, बोलवत नव्हते, हात थंड पडले होते. मागून येणाऱ्या एका हमालाने पाठीवरचे ओझे उतरवले, "माताजी, धीरे-धीरे," असे म्हणत त्यांना सावलीत बसवले आणि तोच यजमानांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. तो अर्धा तास मी विसरणार नाही. सुदैवाने धोका नव्हता. प्रवासाचा शीण आणि त्यावर एकदम चढ, असे डॉक्टरांनी सांगितले व दोन दिवस चढउतार वर्ज्य केला. घरात वृद्ध माणूस किंवा दम्याचा वा हृदयाचा रोगी असल्यास निघण्यापूर्वीच वैद्यकीय सल्ला घ्यावा, मुक्काम सपाटीवर घ्यावा आणि पहिला दिवस केवळ विश्रांतीसाठी राखावा.

आम्ही त्याच संध्याकाळी तळ्याकाठी बिऱ्हाड हलवले आणि वेळापत्रक गुंडाळून ठेवले. नंतरच्या दिवसांत उमगलेल्या काही गोष्टी वाचकांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून येथे देते.

मे महिन्यातही संध्याकाळी लोकरीचे कपडे लागतात. एकच जाड कोट नेण्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालणे सोयीचे. स्वतः रांधणार असाल तर लहान प्रेशर कुकर अवश्य न्यावा. इतक्या उंचीवर पाणी सुमारे ९३-९४ अंश सेल्सिअसलाच उकळत असल्याने उघड्या भांड्यात डाळ शिजता शिजत नाही. नावेत बसण्याआधी दर ठरवून घ्यावा, तरंगते जाकीट मुलांना घालावेच, शिवाय मोठ्यांनीही घालावे. छायाचित्रासाठी नावेत कोणी उभे राहू नये. जुन्या मार्गदर्शिकांवर विसंबू नये. टिफिन टॉपवरील 'डोरोथीज सीट' ही बैठक २०२४ च्या ऑगस्टमध्ये दरड कोसळून नाहीशी झाली आहे. पावसाळ्यात मुलांना व वृद्धांना घेऊन येथे येण्याचे टाळावे. १८ सप्टेंबर १८८० रोजी, अतिवृष्टीनंतर, याच गावात कडा कोसळून १५१ माणसे प्राणास मुकली होती.

आणखी एक गोष्ट. हे तळे केवळ शोभेचे नाही. गावाला पिण्याचे पाणी मुख्यतः त्याच्याच आधाराने, काठावरील नलिकाकूपांतून मिळते. बिस्किटाचा कागद पाण्यात टाकू पाहणाऱ्या थोरलीला मी हे सांगितले, तेव्हा तिने तो मुकाट्याने खिशात घातला. एवढेच नव्हे, तर परतताना काठावरचे आणखी चार कागद वेचले.

सासूबाई मात्र रोज सकाळी तळ्याकाठच्या बाकावर बसत. समोर मल्लीतालच्या बाजूस नैनादेवीचे मंदिर, पाण्यात डोंगराची हिरवी छाया. चौथ्या दिवशी मी ओशाळून म्हटले, "आई, तुम्हांला काहीच पाहता आले नाही." त्या हसून म्हणाल्या, "अगं, लग्न झाल्यापासून इतका वेळ नुसती बसले कधी होते मी?"

दोन्ही शिखरे पाहावयाची राहूनच गेली. पण पुढल्या सुटीचे वेळापत्रक आखताना मी प्रथम घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला विचारणार आहे. आपणही तसे करून पाहावे.